यंत्रांची पूजा होते, यंत्रामागच्या माणसांची ओळखही व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा जवळ आला की सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आणि पूर्व भागातल्या घराघरांत खंडेनवमीची तयारी सुरू होते. माग पुसून त्यांना तेलपाणी होते, झेंडूची तोरणे चढतात, कात्री, उभ्या तारा दातांत धरणारी फणी, आडवे सूत नेणारा धोटा यांनाही हळदकुंकू वाहिले जाते. माग बंद असतात, त्यामुळे एरवी एकमेकांचे बोलणे ऐकू न येणाऱ्या शेडमध्ये सगळ्या खात्यांची माणसे एकाच वेळी एकत्र दिसतात. त्या दिवसाचा पाऊण तास कारखान्यांनी एका कामासाठी द्यावा, एवढ्यासाठी हे पत्र. एका टॉवेलमागे किंवा चादरीमागे आपल्याच कारखान्यात कोण काय करते, ते सगळ्यांनी एकमेकांना दाखवावे, हे ते काम.

हे सगळ्यांना ठाऊकच असते, असे मालकांना वाटते. तसे नसते. माग चालू असताना कानाशी ओरडल्याशिवाय शब्द कळत नाही. रंगाई एका जागी, बीम (उभ्या तारा गुंडाळलेला रूळ) दुसरीकडे, शिलाई वरच्या मजल्यावर, कधी कधी तर तीही बाहेर दिलेली. विणकराची मजुरी नगावर, कांडी (धोट्यात बसणारी सुताची गुंडाळी) भरण्याची किलोवर, मदतनिसाची हजेरीवर. कुणी तेलुगू बोलते, कुणी कन्नड, कुणी मराठी, कुणी दखनी. अशा जागी शेजारच्या खात्याची ओळख होते ती फक्त चुकीमधून. माल बरोबर आला की तो कुणाच्या हातून आला याचा विचार कुणी करत नाही; बिघडून आला की मात्र लगेच नाव निघते.

एका गाठीचे उदाहरण घेऊ. लडीचे सूत उकलून बॉबिनवर घेताना तार तुटते, बाई गाठ मारते आणि शेपूट कापते. शेपूट दोन-तीन मिलिमीटर राहिले तर ती गाठ फणीच्या दातातून निघून जाते. अर्धा इंच राहिले तर ते शेजारच्या तारेत गुंतते, फणीत अडकते आणि तार तुटते. मग विणकर माग थांबवतो, तुटलेले टोक शोधतो, तुकडा जोडतो, फणीतून ओढून घेतो. तेवढ्यात त्याचा दुसरा मागही थांबलेला असतो. नगावर मजुरी असलेल्या माणसाचे हे सरळ नुकसान आहे. ‘त्या बायकांना कामच कळत नाही’ असे तो आपल्या शेजाऱ्याला सांगतो. तिला मात्र कुणीच सांगत नाही, कारण तिचा मुकादम वेगळा. ती किलोवर काम करते, म्हणून शेपूट नीट कापायला थांबली तर तिची मजुरी कमी होते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि दोघांचेही नुकसान होते आहे. आता उलट बाजू पाहा. जी बाई आखूड गाठ मारते, तिच्यामुळे कुणाचे माग सुरळीत चालतात हे तिलाही माहीत नसते आणि त्या विणकरालाही नसते. तिचे कौशल्य कारखान्यात रोज वापरले जाते आणि कुणालाच दिसत नाही.

अशा न दिसणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. टेरी टॉवेलला दोन बीम लागतात, एक जमिनीच्या, म्हणजे मूळ कापडाच्या ताण्याचा (उभ्या तारांचा) आणि एक पाईलचा, म्हणजे वर दिसणाऱ्या मऊ कड्यांचा. आडव्या दोन तारा फणी थोड्या अलीकडेच ठेवते, तिसरीच्या ठोक्याला तिन्ही एकदम कापडाला जाऊन भिडतात आणि सैल सोडलेल्या पाईलच्या ताण्याची कडी उभी राहते. म्हणून मीटरभर टॉवेलला पाईलचे सूत तीन ते पाच मीटर लागते. बीम रिकामा होत जातो तसा त्याचा ताण बदलतो. जुन्या मागांवर वजने पुढे-मागे करून तो सांभाळावा लागतो, आणि हे जॉबर (माग लावणारा, दुरुस्त करणारा) किंवा मुरलेला विणकर हाताच्या अंदाजाने करतो. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा, चौरस मीटरला ४५० ग्रॅमचा टॉवेल साधारण ५०६ ग्रॅम भरला पाहिजे. पाईल जरा सैल सुटून तो २० ग्रॅमने जड झाला तर हजार नगांमागे २० किलो सूत फुकट गेले. हे वाचवणाऱ्या माणसाचे नाव पगारपत्रकापलीकडे कुठेही येत नाही.

जॅकार्डच्या, म्हणजे भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागावरच्या चादरीत कार्ड पंच करणाऱ्याचेही तसेच. एका आडव्या तारेला एक कार्ड. भोक असेल तिथला हुक उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. एक भोक चुकले तर नक्षीच्या प्रत्येक आवर्तनात आणि रुंदीत जितक्या वेळा ती नक्षी येते तितक्या वेळा तोच डाग उमटतो. त्याने बरोबर मारलेली हजारो भोके कुणी पाहत नाही. रंगाईवाल्याने मीठ-सोडा बरोबर घालून, शेवटी साबणाच्या गरम पाण्यात सूत नीट धुतले नाही, तर सुतावर न बसलेला रंग गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्याच धुण्यात सुटतो आणि पांढरी किनार गुलाबी होते. दोन लॉटचे (वेगवेगळ्या वेळी रंगवलेले) सूत एका बीमवर मिसळले तर टॉवेलवर उभा पट्टा दिसतो. तो पट्टा बहुधा शेवटी घडी घालणाऱ्या बाईच्या नजरेला पडतो. म्हणजे कारखान्यातली सगळ्यात तीक्ष्ण नजर पुष्कळदा सगळ्यात कमी मजुरीच्या टेबलावर बसलेली असते.

माणसाला स्वतःचे कष्ट आठवतात, दुसऱ्याचे दिसलेलेच नसतात. १९७९ साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या संशोधकांनी नवरा-बायकोंना घरकामातला स्वतःचा वाटा वेगवेगळा विचारला. बहुतेक जोडप्यांत दोघांच्या वाट्यांची बेरीज पूर्ण कामापेक्षा जास्त भरली. एका छपराखाली राहणाऱ्या दोघांचे हे, तर चार शेडमध्ये विखुरलेल्या चाळीस जणांचे काय होत असेल? म्हणून ‘एकमेकांचा आदर करा’ असे फलक लावून काही होत नाही. दुसऱ्याचे काम डोळ्यांनी दिसेल अशी सोय करावी लागते. ती कशी करायची ते आता लिहितो.

सुरुवात माणसांपासून करू नये, मालापासून करावी. एका टेबलावर एक निर्दोष नग आणि एक बिघडलेला नग ठेवा. सोबत त्यांच्या आधीच्या अवस्था मांडा: कच्च्या सुताची लड, रंगवलेली लड, बॉबिन, कांडी, बीमवरच्या तारांचा एक झुपका, पंच केलेले कार्ड, मागावरून उतरलेला न कापलेला ताका, कडा शिवलेला नग, बांधलेले डझन. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही हे टेबल वाचता येते आणि भाषेची अडचण निम्मी कमी होते. प्रत्येक खात्यातून एक जण, असे आठ ते दहा लोक पुरेत. त्याहून जास्त झाले की मागचे गप्प राहतात. खंडेनवमीला सुरुवात करा आणि पुढे दर महिन्याला एकदा, पाळी बदलताना, माणसे बदलून घ्या. जागा शेडच्या बाहेर हवी.

प्रत्येकाने तीन मिनिटांत तीन गोष्टी सांगायच्या. माझ्याकडे काय येते आणि ते कसे आले तर मला बरे पडते. माझ्या कामात मी असे काय पाहतो जे दुसऱ्याला दिसत नाही. आणि माझे चुकले तर पुढे कुणाला त्रास होतो. तिसरा प्रश्न सगळ्यात उपयोगी, कारण त्याचे उत्तर पुष्कळांना देता येत नाही. मग पुढच्या खात्यातल्या माणसाने उत्तर पुरे करायचे: ‘तुमची कांडी घट्ट भरलेली असली की धोट्यात ढासळत नाही, माझे सूत वाया जात नाही.’ पहिल्या बैठकीत तक्रार अजिबात नको. ती महिन्याभराने, दुसऱ्या बैठकीत. हा क्रम उलटा केला की पहिल्या दहा मिनिटांत भांडण पेटते आणि पुढच्या वेळी कुणी येत नाही.

बोलण्याची सुरुवात साखळीच्या शेवटच्या टोकाकडून करावी, म्हणजे घडी-पॅकिंगवाल्या बाईपासून. जॉबर आधी बोलला तर त्याच्यानंतर बायका ‘त्यांनी सांगितले तेच’ म्हणून खाली बसतात. पुरुषांसमोर बोलायला संकोच वाटत असेल तर दोघींना एकत्र उभे राहू द्या. तेलुगू बोलणाऱ्या मावशींना तेलुगूतच बोलू द्या, शेजारी बसलेल्या कुणीतरी मराठीत सांगावे. मालकाने आणि मॅनेजरने त्या पाऊण तासात फक्त ऐकावे. मालकाने एखाद्याची बाजू घेतली की ती बैठक न्यायनिवाड्याची होऊन बसते.

आता पैशाचा प्रश्न, कारण बहुतेक चांगले बेत इथेच अडतात. नगावर काम करणाऱ्याला पाऊण तास बसवले तर त्याची मजुरी बुडते. ती भरून दिलीच पाहिजे. मागच्या चार आठवड्यांची कमाई भागिले तितके तास, हा सरळ हिशेब. समजा रोज ६०० रुपयांचा आणि पाळी आठ तासांची, तर तासाला ७५ रुपये, पाऊण तासाला साधारण ५६ रुपये. दहा जणांचे ५६० रुपयांच्या आसपास होतात. टॉवेल जड झाल्याने वाया जाणाऱ्या २० किलो सुताशी ही रक्कम ताडून पाहावी. मजुरी न देता ‘आपल्याच भल्यासाठी थांबा’ म्हटले, तर लोक घड्याळाकडे पाहत बसतात आणि त्यात त्यांची चूक नाही.

दुसरी गोष्ट, दोन तास शेजारी बसणे. विणकराने बॉबिन खात्यात बसावे, शिलाईच्या बाईने मागाजवळ, रंगाईवाल्याने घडीच्या टेबलावर, कार्ड मारणाऱ्याने जॉबरसोबत, दिवाणजींनी माल ओढणाऱ्या पोराबरोबर. फक्त पाहायचे आणि विचारायचे, यंत्राला हात लावायचा नाही. हा नियम काटेकोर पाळावा. धोटा उडून लागतो, पट्ट्यात पदर, ओढणी, सैल बाही सापडते. पदर खोचलेला, केस बांधलेले, आणि धोट्याच्या रेषेत, म्हणजे मागाच्या दोन्ही टोकांच्या बाजूला, उभे राहायचे नाही. परत आल्यावर एवढेच विचारावे: तुला माहीत नव्हते असे तिथे काय दिसले? ‘त्यांना खूप काम असते’ हे उत्तर पुरेसे नाही. ‘लडीत गुंता असला की तिला दर मिनिटाला थांबावे लागते आणि तिचा किलो भरत नाही’ असे उत्तर आले की समजावे, पाहिले गेले.

रंगाईवाल्याला घडीच्या टेबलावर पाठवण्यामागे कारण आहे. आपल्या कामाचा शेवट ज्याने पाहिला त्याचे हात बदलतात. अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांची, त्या देणगीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी पाचच मिनिटे गाठ घालून दिली, तर महिन्याभरानंतर त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त वाढलेला दिसला. ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांचा हा २००७ मधला अभ्यास. आपल्याकडे परगावच्या व्यापाऱ्याचा ‘या वेळचा रंग छान बसला’ हा निरोप ऑफिसात येतो आणि ऑफिसातच राहतो. तो रंगाईच्या हौदापर्यंत त्याच दिवशी पोचवायला काहीही खर्च येत नाही.

कौतुक कसे करावे यावर थोडे. ‘छान काम केले’ या शब्दांनी कुणाला काही कळत नाही. काय केले, कधी केले आणि त्यामुळे काय वाचले, या तीन गोष्टी त्यात हव्यात. ‘काल पहिल्या पाळीत तुम्ही बीमवर सुटलेल्या तारांच्या जागी चिठ्ठी लावलीत, म्हणून आम्हाला रात्री शोधत बसावे लागले नाही.’ असे वाक्य त्या माणसाच्या तोंडावर, शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी म्हणावे. महिन्याच्या शेवटी म्हटलेले कोरडे लागते. आणि ते मुकादमानेच म्हणावे असे नाही. ज्याचा त्रास वाचला त्याने म्हटलेले जास्त खरे वाटते. दिवाणजींनी एका वहीत एवढेच टिपावे की या महिन्यात कुणाकुणाचे नाव निघाले. ज्यांचे निघाले नाही त्यांच्याकडे मुद्दाम जाऊन बसावे. बहुधा ते तेल घालणारा, झाडणारी, धागे कापणारी, रात्रीचा वॉचमन आणि टेंपोवाला असतात. त्यांचे काम चुकले तरच कळते, म्हणून त्यांचे नाव आपोआप कधी येणार नाही.

बिघडते कुठे तेही सांगितले पाहिजे. पहिली चूक म्हणजे ‘महिन्याचा उत्कृष्ट कामगार’. विणकराचे उत्पादन बीम कसा आला, सूत कसे आले, माग कोणता मिळाला यावर ठरते. बक्षीस त्याच्या एकट्याच्या हाती दिले की कांडी आणि सांधणीवाले (नव्या बीमच्या तारा जोडणारे) मनातून दूर जातात आणि चांगल्या मागासाठी वशिले सुरू होतात. बक्षीस द्यायचेच तर एका बीमच्या संपूर्ण साखळीला द्यावे. दुसरी चूक, अशा बैठकीत ऐकलेली माहिती माणसे कमी करायला वापरणे. असे एकदा जरी झाले तरी पुढची दहा वर्षे त्या कारखान्यात कुणी तोंड उघडणार नाही. तिसरी, दिवाळीच्या किंवा निर्यातीच्या घाईच्या दिवसांत हे सुरू करणे.

चौथी चूक आम्हाला सगळ्यात जास्त टोचते. एखाद्या बाईला पट्टा, डाग, सुटलेली तार लांबून ओळखता येते हे सगळ्यांना समजते. तिची वाहवा होते आणि दुसऱ्या दिवसापासून घडीचे काम सांभाळून तपासणीचे कामही तिच्याच गळ्यात पडते, त्याच मजुरीत. हे कौतुक नव्हे. कौशल्य दिसले की त्याचा दर ठरला पाहिजे, मग तो तासाला दोन रुपये का असेना. किलोवर मजुरी असलेल्या बॉबिन खात्यात आखूड गाठीसाठी वेगळा दर ठेवणे अवघड नाही. रोज पाच बॉबिन उचलून गाठी मोजल्या की झाले. शब्दांनी मान द्यायचा आणि दराच्या वेळी गप्प बसायचे, हे कामगारांना बरोबर कळते. गाठीचा दर न बदलता तिला गाठ आखूड मारायला सांगणे म्हणजे विणकराचे नुकसान तिच्या पदरात टाकणे आहे.

मुरलेल्या जॉबरचे प्रकरण जरा नाजूक असते. ठोक्याच्या आवाजावरून कुठला नट सैल आहे हे त्याला कळते. ते सांगितले तर आपली गरज संपेल, ही त्याची भीती निराधार नाही. त्याच्याकडून फुकटात काढून घेऊ नये. दोन पोरे शिकायला त्याच्या हाताखाली द्यावीत, शिकवण्याचे वेगळे पैसे द्यावेत, आणि त्याने सांगितलेली दुरुस्ती मागाजवळच्या पाटीवर त्याच्या नावानिशी लिहावी.

हे सगळे टॉवेल-चादरीपुरतेच नाही. गारमेंटमध्ये कटिंग मास्तर आणि शिलाई, विडी कारखान्यात पाने कापणाऱ्या-वळणाऱ्या बायका आणि माल घेणारा तपासनीस, बँकेत काउंटर आणि कर्जविभाग, सगळीकडे हेच तुटलेपण असते. इस्पितळांत तर ते जिवावर बेतू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी तयार केली. तिच्यात चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगितले का, हा एक मुद्दा आहे. एकदा नाव घेऊन बोललेली परिचारिका पुढे काही चुकते आहे असे दिसले तर लवकर बोलते. मागाच्या शेडलाही हा नियम लागू पडतो. नवीन बीम चढवताना सांधणारा, जॉबर आणि विणकर तिघांनी नाव, लॉट नंबर आणि एक खटकणारी गोष्ट सांगावी. दोन मिनिटांचे काम आहे.

याचा उपयोग झाला की नाही हे हसऱ्या फोटोंवरून ठरवू नका. तीन महिने तीन नोंदी ठेवा. तार तुटून माग दिवसाला किती वेळा थांबले. दोष दिसल्यापासून तो ज्याच्या हातून झाला त्याच्यापर्यंत निरोप पोचायला किती वेळ लागला. आणि मुकादमाला मध्ये न घालता एका खात्याचा माणूस दुसऱ्या खात्यात स्वतः किती वेळा गेला. तिसरी नोंद आधी वाढते, दुसरी मग कमी होते, पहिलीला सगळ्यात जास्त वेळ लागतो. दोन महिन्यांत पहिल्या नोंदीत फरक पडला नाही म्हणून बंद करू नये.

सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. ते एका गावाच्या नावाने मिळालेले आहे, कुणा एका मागाच्या नावाने नाही. यंत्रमागधारकांच्या संघटनांना आणि कामगार संघटनांना आमची विनंती आहे की वर सांगितलेले नमुन्यांचे टेबल त्यांनी एकदाच नीट तयार करून ठेवावे. लडीपासून बांधलेल्या डझनापर्यंत दहा-बारा वस्तू, एका लाकडी पेटीत, चार भाषांतल्या चिठ्ठ्यांसह. आठ-दहा मागांच्या छोट्या कारखान्यांना ती एका दिवसासाठी नेता यावी. त्यांच्याकडे मनुष्यबळ विभाग नसतो आणि सगळ्यात जास्त गरज त्यांनाच आहे.

आपले,
टॉवेल उद्योगात कामगार व प्रशिक्षणाचे काम पाहणारे दोन वाचक,
सोलापूर